चौदा नंबरचा खांब

ताजा चुना मारलेला दगड दिसला की आमच्या ह्यांच्या तोंडावर जो आनंद येतो, तो लग्नात मला बघून आला नव्हता. खोटं वाटत असेल तर या घरी, फोटो दाखवते. फोटोत मी हसतेय आणि हे मांडवाच्या खांबाकडे बघतायत, सरळ पुरलाय की नाही ते.

हे म्हणजे भीमराव गमरे. रेल्वेत रुळांच्या कामाला. दापोलीहून निघाले ते गँगमन म्हणून लागले, आणि सुपरवायझर होऊन आता रिटायरमेंटला आले. चौतीस वर्षांतली शेवटची सव्वीस जयपूरला गेली, बस्सीच्या बाजूच्या अकरा किलोमीटरवर. रेल्वेची हद्द कळावी म्हणून कडेकडेने दगडी खांब पुरलेले असतात ना, त्यांना हे 'माझे खांब' म्हणायचे. मला कधी 'माझी यमुना' म्हणाले असतील तर शपथ. मोठे साहेब इन्स्पेक्शनला यायचे ठरले की रेल्वेत एकच कायदा: जे हलत नाही त्याला चुना मारा. तो कायदा ह्यांनी इतका मनावर घेतला की प्रताप नगरच्या घरी बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीलासुद्धा दोन हात मारून ठेवले होते.

"चौतीस वर्षांत एक रिमार्क नाही." हे वाक्य मी स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलंय. जेवताना, पाहुण्यांसमोर, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना.

तर गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. ह्यांना शेवटचे दहा दिवस राहिले होते. मग आम्ही दोघं कायमचे गावाला जाणार होतो. दापोलीजवळ घर बांधून तयार, पडद्याचं कापड मी चारदीवारीत, म्हणजे जुन्या जयपुरात, चार दुकानं पालथी घालून आणून ठेवलेलं. आमची गौतमी मात्र इथेच राहणार होती. सीतापुऱ्यातल्या एका कंपनीत ती कंप्युटरवर काहीतरी करते. पुण्याला बदली घे म्हटलं की ऐकायची नाही. त्यावरून आमची रोजची जुंपायची.

"अगं, आपण दापोलीचे ना?" मी म्हणायची.

"मतलब, तुम्ही दापोलीचे. मी जयपूरची. मी तिथे टोटल सव्वा महिना राहिलेय, आई."

असं बोलली की माझं डोकं फिरायचं. सव्वा महिना काय, मोजून ठेवलाय बयेने!

बुधवारी ह्यांची शेवटची पाहणी होती. मी म्हटलं, सव्वीस वर्षं ज्या सवतीसाठी तुम्ही पहाटे उठून गेलात, ती मला एकदा बघू दे. गौतमीने सुट्टी घेतली, गाडी काढली, आणि आम्ही तिघं बस्सीच्या अलीकडच्या फाटकावर पोचलो. तिथे द्वारकाजी होते. ह्यांच्या गँगमधले सगळ्यात जुने, तिथलेच राहणारे. "पधारो भाभीजी," म्हणाले आणि आम्हाला खांब दाखवायला निघाले, जसा कुणी आपला बंगला दाखवतो. नऊ नंबर, दहा नंबर. सगळे पांढरेफेक, वर काळ्या रंगात आकडा. मी प्रत्येकाला "वा, छान" म्हटलं. खांबाला अजून काय म्हणणार?

चौदा नंबर कडुलिंबाच्या सावलीत होता. बाकीच्यांपेक्षा रुंद आणि थोडा बुटका. तिथेच आम्ही जेवायला बसलो. मी भाकऱ्या आणल्या होत्या, आणि ह्यांच्या आवडीची सुकटीची चटणी. द्वारकाजींनी वासावरूनच ओळखून लांबून हात जोडले. त्या चटणीच्या डब्याचं झाकण असं काही घट्ट बसलेलं की निघता निघेना. ह्यांनी ओढलं, गौतमीने ओढलं. मग मी घेतला डबा, आणि दिला ठेवून दगडाच्या कडेवर. ठण्ण!

झाकण उघडलं. आणि त्याबरोबर दगडावरून चुन्याचा एक अख्खा पापुद्रा खाली पडला, भाकरीएवढा जाड.

"अगं बाई! इन्स्पेक्शन सोमवारी आहे!" हे ओरडले. मला वाटलं, आता मला रिमार्क मिळतो.

"पप्पा, थांबा," गौतमी वाकून म्हणाली. "इथे काहीतरी लिहिलंय."

खरंच होतं. दगडात कोरलेली अक्षरं, आपली, देवनागरी. तिने गाडीची किल्ली काढली तसा ह्यांनी तिचा हात धरला. "लोखंड नको, दगड ओरबाडेल. लाकूड घे." कडुलिंबाची काटकी मोडून दिली आणि स्वतःही दुसरी घेऊन बसले. भाकऱ्या गार झाल्या, चटणीवर माश्या आल्या, कुणाचं लक्ष नाही. चुना थरावर थर निघत होता. ह्यांच्या हातचे सव्वीस थर, आणि त्याखाली ह्यांच्या आधी जे कोणी होते त्यांचे. खाली अक्षरं अशी शाबूत की परवा कोरलीत असं वाटावं. चुन्याने ऊन-पाऊस लागूच दिला नव्हता.

गौतमी शाळेत हिंदी शिकलेली, त्यामुळे अक्षरं येतात पण मराठी अडखळत वाचते. बोट ठेवून ठेवून वाचू लागली. "हवालदार... रामनाक वलद सोननाक. काबूल कंदाहारचे सरहद्दीचे लढाईत होता. नंतर या फाटकावर चाकरीस होता, येथेच पुरला आहे. मौजे करंजटेंभ, तालुके... पप्पा! तालुके दापोली!"

"पुढे वाच," हे म्हणाले. आवाज बदललेला.

"मागे कोणी नाही. दगड पलटणीचे सोबत्यांनी बसविला. सन अठराशे एक्क्याण्णव."

मग गौतमीने विचारलं, "वलद मतलब?"

"मुलगा," हे म्हणाले. "सोननाकाचा मुलगा रामनाक. गौतमी, नावाच्या शेवटी 'नाक' म्हणजे आपलंच माणूस. माझ्या पणज्याचं नाव धोंडनाक. तेव्हा आपली माणसं पलटणीत जायची. गावात सावली चालायची नाही, पण पलटणीत हवालदार म्हटलं की सलाम मिळायचा." आणि मग त्या दगडाकडे बघत बसले. "सव्वीस वर्षं मी ह्याच्या छातीवर चौदा नंबर घातला, यमुने."

द्वारकाजींना हिंदीत सगळं सांगितल्यावर ते ताडकन उठले, चप्पल काढली, आणि म्हणाले, "साब, ये तो बाबा निकले! मैं सिंदूर ले आऊँ?"

"अजिबात नाही!" मी म्हटलं. "द्वारकाजी, ये देव नहीं है, हवालदार है."

त्यांनी जरा विचार केला. "तो फिर सैल्यूट चलेगा?"

"दौडेगा," मी म्हटलं. आणि त्यांनी खरंच खाड्कन सलाम ठोकला. मला हसू आलं. हे मात्र हसले नाहीत.

कारण मला माहीत नव्हतं ते ह्यांना माहीत होतं. सोमवारी नुसतं इन्स्पेक्शन नव्हतं. तिथे नवी भिंत घालायची होती आणि हद्दीचे सगळे जुने खांब उपटायला मशीन येणार होतं. नऊ ते वीस. खांबांची यादी ह्यांनीच करून दिली होती, खाली सही ठोकून. चौदाच्या पुढे ह्यांच्याच अक्षरात: सीमेचा खांब, स्थिती उत्तम.

दुसऱ्या दिवशी हे ऑफिसात गेले. नीरज माथुर म्हणून तरुण इंजिनीयर साहेब आहेत, भला माणूस. त्यांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "भीमरावजी, मला पटलं. पण वर दाखवायला कागद लागेल. सव्वीस वर्षांच्या रजिस्टरात तुमच्या सहीने हा खांब आहे. तो खांब नाही असं तुम्हीच त्याच रजिस्टरात लिहून द्या. सोमवारी सकाळपर्यंत. नाहीतर मशीन यादी बघून चालेल, मी थांबवू शकणार नाही."

एवढंच काम होतं. दोन ओळी लिहायच्या. पण ह्यांचा चेहरा असा की जणू किडनी मागितलीय.

घरी आले ते बूट पॉलिश करत बसले. तेच बूट, तीनदा. मी म्हटलं, "लिहिलंत का?"

"बघू."

शनिवारी पुन्हा विचारलं. तर म्हणतात कसे, "यमुने, मी असं म्हणतो, आपण दगडच उचलून दुसरीकडे नेऊ. कुणाला काही लिहायला नको."

"आणि खालच्या माणसाला काय सांगायचं? तुम्ही जरा इकडेच पडा, तुमचा दगड पुढे गेलाय?"

हे हळूच म्हणाले, "चौतीस वर्षांत एक रिमार्क नाही. आणि शेवटच्या आठवड्यात मी माझ्या हाताने लिहू, की सव्वीस वर्षं मी माणसाला खांब समजत होतो? पोरं हसतील. निरोपाच्या भाषणात हेच सांगतील."

माझं टाळकं सटकलं. मी लाटणं तसंच ठेवून बाहेर आले. "हसू देत! तिकडे त्या कंदाहारात हा माणूस गोळ्या खाऊन आला, मरताना जवळ बायको नाही, पोर नाही, गाव हजार मैलांवर. सोबत्यांनी पदरमोड करून एक दगड उभा केला. आणि तो दगड तुम्ही वाचवणार नाही, का तर गँगमधली पोरं हसतील! अहो, रिमार्क नाही म्हणून छाती काढून मिरवता, मग एक चूक कबूल करायची ताकद नाही त्या छातीत?"

जास्तच बोलले. बोलल्यावर कळलं. पण तोंडातून सुटलेलं परत थोडंच घेता येतं. हे आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. गौतमी माझ्याकडे बघून पुटपुटली, "आई, थोडं ज्यादा झालं."

"मला माहितीये," मी म्हटलं. आणि खरं सांगते, मला रडू आलं.

रविवारी सकाळी मी चहा घेऊन त्यांच्याजवळ बसले. भांडण मिटवायची माझी रीत म्हणजे चहात आलं जास्त घालायचं. हे कप हातात धरून म्हणाले, "हसण्याचं नाही गं खरं. लाज वाटते. आपल्या माणसाला मी नंबर केला. दरवर्षी त्याचं नाव स्वतःच्या हाताने बुजवलं."

आता कळलं, कुठे दुखत होतं ते. रिमार्कच्या आड हे लपून बसले होते.

मी म्हटलं, "अहो, आपल्या गावाला थडग्याला वर्षातून एकदा चुना कोण लावतं?"

"घरातले. मागचे लोक."

"माझ्या बाच्या थडग्याला किती वर्षं चुना लागला?"

ह्यांनी आठवलं. "तुझ्या भावाने दोनदा लावला बहुतेक."

"दोनदा. तिसऱ्या वर्षी त्याला वेळ नव्हता. पोटच्या मुलाने दोनदा, आणि ह्या रामनाकाला तुम्ही सव्वीसदा लावलात. गवत उपटलंत, माती सारखी केलीत, दोन दोन हात मारलेत. दगडावर लिहिलंय 'मागे कोणी नाही', आणि मागे तुम्ही उभे होता ब्रश घेऊन. ठाऊक नसताना का होईना, केलंत ते घरच्या माणसाचंच काम. अक्षरं कुणामुळे राहिली? चुन्यामुळेच ना?"

ह्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "चहात आलं फार झालंय." मी समजले, गडी ताळ्यावर आला.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं पुन्हा त्या फाटकावर. मशीन येऊन उभं होतं, पिवळं धूड, आणि नऊ ते तेरा नंबर आधीच उपटून एका बाजूला आडवे घातलेले. ते बघून ह्यांचं पाऊल अडखळलं. तेही ह्यांचेच होते ना. गँग सगळी जमलेली. द्वारकाजी चौदा नंबरच्या पुढ्यात मांडी घालून बसलेले. मशीनवाल्याला म्हणे त्यांनी सांगून टाकलं होतं की आधी मला उपट. नीरज साहेब रजिस्टर घेऊन गाडीच्या बॉनेटपाशी उभे.

ह्यांनी खिशातून पेन काढलं, चष्मा लावला आणि सगळ्यांदेखत लिहिलं. हिंदीत लिहिलं, पण मी मराठीत सांगते: 'क्रमांक चौदा हा सीमेचा खांब नाही. ही हवालदार रामनाक यांची कबर आहे. सव्वीस वर्षं मी ती खांब म्हणून नोंदवली. चूक माझी आहे. भीमराव गमरे.' आणि ते मोठ्याने वाचूनही दाखवलं. कुणी सांगितलं होतं वाचायला? पण वाचलं.

कुणी हसलं नाही. गँगमधल्या एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. ह्यांची मान जरा खाली गेली आणि कान लाल झाले. लग्नातही झाले नव्हते.

मला वाटलं, सुटलो. पण नीरज साहेबांनी रजिस्टरातून कबरींसाठीचा एक छापील फॉर्म काढला. "भीमरावजी, अजून एक. ही जागा रेल्वेची. कबर राहणार असेल तर तिची देखभाल कोण करणार, त्याचं नाव हवं. इथे राहणारं माणूस पाहिजे, म्हणजे उद्या दुसरा साहेब आला तर कुणाला तरी विचारेल. तुमचं लिहू?"

हे माझ्याकडे बघू लागले. मी ह्यांच्याकडे. आमची तर पुढच्या आठवड्याची तिकिटं काढलेली. सामान बांधलेलं, पडदे शिवून झालेले.

"मैं हूँ ना," द्वारकाजी म्हणाले. पण त्यांचीही रिटायरमेंट जुलैत, आणि मुलगा त्यांना कोट्याला घेऊन जाणार, हे ह्यांना ठाऊक होतं. मी मनात घराचा हिशेब करत होते. खरं सांगू? मला गावाला जायचं होतं. तीस वर्षं थांबले होते मी त्यासाठी. तरी तोंडातून निघायला आलंच होतं, की राहा हो तुम्ही, राहू आपण अजून एक दोन वर्षं.

तेवढ्यात गौतमी पुढे झाली. साहेबांच्या हातातून पेन घेतलं आणि लिहायला लागली.

"काय करतेस?" मी म्हटलं.

"नाव लिहितेय. मी आहे ना मागे."

इतक्या सहज म्हणाली. जसं 'दूध मी आणते' म्हणावं तसं. मी वाकून पाहिलं. नाव: गौतमी भीमराव गमरे. पत्ता: प्रताप नगर, जयपूर. पुढच्या रकान्यात छापलेलं होतं, मृताशी नातं. तिथे ती थांबली. पेनाचं टोक ओठाला लावलं. मग मराठीत, एकेक अक्षर जपून लिहिलं: गाववाली.

मी बघतच राहिले. "तू? गाववाली? तू तर जयपूरची ना? टोटल सव्वा महिना?"

"हो ना," ती म्हणाली. "तो दापोलीहून निघाला आणि इथे राहिला, इथेच गेला. सव्वाशे वर्षं झाली त्याला इथे. मतलब तो पण आता जयपूरचाच ना, आई. आणि तो आहे दापोलीचा, तर मग मी पण आहे."

मी तिला नुसतं जवळ ओढलं. पुण्याच्या बदलीचा विषय मी त्या दिवसापासून काढलेला नाही, विचारा तिला.

मशीन चौदा नंबरला वळसा घालून पंधराकडे गेलं. द्वारकाजींनी सुस्कारा टाकला आणि कपडे झटकत उठले. हे मात्र अजून दगडापाशीच उभे होते. मग त्यांनी गौतमीला हाक मारली, खाली बसायला लावलं आणि बोटाने दाखवत अगदी कामावरच्या आवाजात सांगू लागले.

"चुना आदल्या दिवशी भिजवायचा. फडक्याने गाळून घ्यायचा, नाहीतर खडे राहतात. पहिला हात पातळ, तो वाळल्यावर दुसरा. समजलं?"

"समजलं, पप्पा."

"आणि अक्षरं सोडून."